ज्या छताखाली माणसे झोपतात, तिथला उन्हाळा मोजा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नांदेड
मा. जिल्हाधिकारी, लातूर



दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. माझे सासर नांदेडचे, माहेर औसा तालुक्यातले. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढले आहेत. पत्र तुम्हालाच का, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे. या पदाने मनावर घेतले की काय होऊ शकते ते आम्ही पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरले तेव्हा बचाव पथके आली, लष्कराची तुकडी आली, मागोमाग पंचनामे सुरू झाले. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. महिन्याभरापूर्वी कुणी सुचवले असते तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटले नसते.

उन्हाच्या बाबतीत मात्र आमच्यापर्यंत पोहोचते ते एक पत्रक. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला, डोक्याला रुमाल बांधा. त्यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण ते वाचून ज्याला घरात बसता येते त्याला या उन्हाची भीती मुळात कमी. खरा जीव धोक्यात असतो तो ज्याला बाहेर पडावेच लागते त्याचा, आणि ज्याचे घरच बाहेरपेक्षा जास्त तापते त्याचा. या दुसऱ्याबद्दल सरकारी कागदावर फारसे काही नसते, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहिते.

त्याआधी ‘लाट’ कशाला म्हणायचे हे बघू. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते, आणि ते त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावे लागते. नाहीतर पाऱ्याला थेट ४५ अंश गाठावे लागतात. तेही उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आपला उपविभाग म्हणजे अख्खा मराठवाडा. आता नांदेडला मे महिन्यात चाळिशीच्या पुढचा पारा हीच सरासरी. त्यामुळे ४४ अंशांचा दिवस आला, चार दिवस तसाच राहिला, तरी कागदावर लाट येत नाही. देशभर एकच मोजपट्टी लावायची तर हा निकष ठीक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच मोजपट्टीवर जिल्हा विसंबून राहिला तर आमचे सगळ्यात वाईट आठवडे ‘नेहमीचा उन्हाळा’ म्हणून निघून जातात. आणि ही सरासरीही जागेवर थांबलेली नाही. सध्या ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांवरून काढतात. तीस वर्षेच आधीपेक्षा तापलेली असतील तर सरासरी वर सरकते, आणि आजचा चटका तिच्या तुलनेत लहान दिसतो.

तापमान वाढते आहे यात आता वादाला जागा नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या अहवालात भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचे नोंदवले आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जगाचेही तेच. पाऊण अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही वर्षभराची, सगळ्या देशाची सरासरी आहे. तिच्या पोटात आपल्याकडचे एप्रिल-मे येतात, समुद्रापासून लांब, कोरड्या वाऱ्याचे, पीक निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या काळ्या रानांचे. नांदेडला किनवट-माहूरचे जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. उन्हाची धग शोषून घ्यायला मधे काही उरलेले नाही.

दुपारचा पारा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो. रात्रीचा पारा आतल्या कोपऱ्यात, तोही आला तर. माझ्या मते आपल्या दोन जिल्ह्यांची खरी गोष्ट रात्रीची आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर; माझ्या लहानपणी मे महिन्यातही पहाटे अंगावर वाकळ ओढावी लागायची. दिवसभर कितीही तापले तरी रात्री शरीर निवायचे आणि सकाळी माणूस पुन्हा कामाला उभा राहायचा. डॉक्टरही हेच सांगतात, की दिवसाचा ताण रात्री उतरला नाही तर तो दुसऱ्या दिवशीच्या ताणावर चढतो. हृदय आणि मूत्रपिंड आधी थकतात. हवामान खात्याचा ‘उष्ण रात्री’साठीही वेगळा निकष आहे. आपल्या जिल्हा आराखड्यात तो कुठे आहे, हे मला तुम्हाला विचारायचे आहे.

आता घराबद्दल. नांदेडमध्ये मी एका घरी मे महिन्यात संध्याकाळपासून रात्रीपर्यंत बसले होते. घर कुणाचे ते सांगत नाही, अशी हजारो आहेत. दहा बाय बाराची एक खोली. चार इंची विटेच्या भिंती, वर लोखंडी पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले. छत इतके ठेंगणे की हात वर केला की लागतो. संध्याकाळी सहाला त्या पत्र्याला बोट टेकवता येत नव्हते. घरच्या बाईंनी बाहेरून पत्र्यावर बादलीभर पाणी मारले; ते तव्यावर पडल्यासारखे चर्र झाले आणि आत वाफेचा उबारा आला. तरी त्या रोज मारतात, पाणी असेल तर. चूल आत, दार एक, खिडकी मागच्या घराला टेकलेली. रात्री दहापर्यंत पत्रा निवला. पण भिंती निवल्या नव्हत्या, पाठ टेकली की ऊब लागत होती, आणि फरशीवर टाकलेली गोधडी तापलेलीच होती. पुरुष माणसे बाज उचलून गल्लीत गेली. बाई आणि दोन वयात आलेल्या मुली आत राहिल्या, दार लावून. पत्रकातली कुठली सूचना त्या तिघींना लागू पडते, हे मला अजून सुचलेले नाही.

पत्रा दिवसा छळतो, स्लॅब रात्री. सिमेंटचे छत दिवसभर ऊन पिते आणि अंधार पडल्यावर ते हळूहळू खाली सोडत बसते. लातूरला शिकायला आलेली मुले ज्या खोल्यांतून राहतात, त्यांतल्या वरच्या मजल्यावरच्या मुलांना विचारा. रात्री एकला ती गच्चीवर पाणी टाकून त्यावर चादर अंथरून पडलेली असतात, आणि सकाळी सहाला पुन्हा वर्गात.

आपल्याकडे ही छते कशी आली, हे लातूरच्या साहेबांना वेगळे सांगायला नको. आमच्या भागातली जुनी घरे दगड-मातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर माळवद: लाकडी तुळया, त्यावर किलच, त्यावर मातीचा जाड थर. भर दुपारी आत शिरले की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्याच भिंतींनी आणि त्याच माळवदांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली हजारो माणसे पुरली. त्यानंतर आमच्याकडे दगडाच्या भिंतीखाली झोप लागत नाही अशी माणसे कित्येक वर्षे होती. पत्र्याचे घर पडले तरी मरण येत नाही, हा हिशेब त्यांनी जीव मुठीत धरून केला होता. त्या भीतीला मी नावे ठेवणार नाही, आणि माळवदाकडे परत चला असेही म्हणणार नाही. मला एवढेच दिसते, की भूकंपापासून वाचण्यासाठी आमच्या लोकांनी जी छते निवडली त्यांचा उन्हाळ्यातला हिशेब कुणी केला नाही. पुनर्वसनात नाही, नंतरच्या घरकुलांत नाही, शाळांच्या बांधकामात नाही. भूकंपाला टिकणारे आणि उन्हाला सोसवणारे, असे दोन्ही गुण एका घरात आणता येतात. त्यासाठी लागणारे अभियंते तुमच्याच जिल्हा परिषदेत आहेत.

तोवर जी छते आहेत त्यांचे काय? स्लॅबवर चुन्याचा जाड हात आणि पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर आतले तापमान दोन-तीन अंशांनी तरी उतरते. हे काही नवे तंत्र नाही. अहमदाबाद महापालिकेने झोपडपट्ट्यांमधून ते करून दाखवले आहे, आणि धर्माबाद-देगलूरच्या शिवेला लागून असलेल्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये पाच वर्षांचे ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केले. आपल्याकडे सुरुवात जिल्हा परिषदेच्या शाळांपासून, अंगणवाड्यांपासून आणि आरोग्य उपकेंद्रांपासून व्हावी. जिल्हा नियोजनाच्या पैशातून होण्यासारखे हे काम आहे, दर वर्षी होळीच्या आत उरकण्यासारखे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत चालतील असे शासनाने ठरवले. शाळा सकाळची होती हे खरे, पण अकरा वाजता पत्र्याच्या वर्गात काय होते, ते एकदा तिथे बसून बघावे.

आता ज्याला बाहेर पडावेच लागते त्याच्याबद्दल. अर्धापूर-मुदखेडकडे हळदीचे दिवस फेब्रुवारीला सुरू होतात आणि उन्हाळाभर चालतात. काढणी, शिजवणी, वाळवणी, मग ढोलात घालून घासणी. कुकरमधून उपसलेली हळद वाफा टाकत ताडपत्रीवर येते आणि बाया ती पायाने, फावड्याने पसरतात. वरून ऊन, खालून वाफ, अंगात साडी आणि वरून नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट. काम बहुतेक गुत्त्यावर. जेवढे उरकेल तेवढे पैसे, म्हणून दुपारी कुणी थांबत नाही, आणि आडोसा नसल्याने पाणीही जपून पितात. उन्हात कमी पाणी प्यायल्याने मूत्रपिंडावर काय परिणाम होतो ते डॉक्टर सांगतील. का कमी पितात ते बायांना विचारावे लागेल. लातूरच्या बाजार समितीतले आणि नांदेडच्या मोंढ्यातले हमाल, रस्त्यावर डांबर पसरणारे मजूर, वीटभट्टीवरचे जोडीदार, सगळ्यांचे गाडे याच एका गोष्टीपाशी अडते. थांबले तर मजुरी बुडते.

खासगी शेतावर तुम्ही किती सांगू शकाल याला मर्यादा आहे, हे मला कळते. पण रस्ते, पूल, नाल्या, जलसंधारण यांची कामे सरकारची आहेत आणि निविदाही सरकारच काढते. एप्रिल ते जूनमधल्या कामांसाठी त्या निविदेतच लिहावे की दुपारी बारा ते चार काम बंद राहील, पहाटे आणि संध्याकाळी होईल, मजुरी कापली जाणार नाही, आणि जागेवर सावली व पाणी गुत्तेदाराने ठेवायचे. रोहयोच्या कामावर सावली, पाणी आणि प्रथमोपचार नियमाने बंधनकारक आहेतच; तोच नियम गुत्तेदाराच्या कामावर का नको? संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावे लागते, मोडले तर दंड होतो. आपल्या मराठवाड्यातली जी मुले तिकडे मजुरीला गेली आहेत, त्यांना ती विश्रांती मिळते. इथे राहिलेल्या त्यांच्या बापाला मिळत नाही.

सावली उभी करणे प्रशासनाला अवघड नाही. २६ एप्रिल २०२४ ला नांदेडला आणि ७ मेला लातूरला लोकसभेचे मतदान झाले. रणरणत्या उन्हाचे दिवस. उष्म्यापासून मतदारांची काळजी घ्या, अशा सूचना निवडणूक आयोगाने आधीच दिल्या होत्या. मंडप, पाणी, औषधे यांची तयारी झाली. त्या दोन मतदानांच्या मधल्या रविवारी, ५ मेला, नीट परीक्षा होती. ही परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, दीडला फाटक बंद होते, म्हणजे मुले अकरा-साडेअकरापासून रांगेत. लातूर आणि नांदेड ही या परीक्षेची पंढरी. गावोगावहून आलेले आई-बाप तीन-साडेतीन तास फाटकाबाहेर भिंतीच्या वीतभर सावलीला चिकटून उभे असतात. वेळ ठरवणे तुमच्या हाती नाही. फाटकाबाहेरचा मंडप आणि पाण्याचे टँकर तुमच्या हाती आहेत. दर वर्षी मेचा पहिला रविवार येतो तेव्हा मतदान केंद्राचाच आराखडा परीक्षा केंद्राला लावावा, एवढेच मागणे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने १४ जणांचे जीव गेले, तेव्हा तिथला पारा चाळिशीच्या आतच होता. गर्दी, दमट हवा आणि डोक्यावर सावली नसणे एवढ्याने ते झाले.

मरणाचा विषय निघालाच आहे तर शेवटची आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची मागणी सांगते.

पुरात किती गेले ते दुसऱ्या दिवशी कळते. उन्हाने किती गेले ते कळत नाही, कारण उन्हाने गेलेला माणूस बहुतेक वेळा दाखल्यावर हृदयविकाराने गेलेला असतो. आमच्याकडे लोक ‘ऊन लागलं’ म्हणतात. शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकतात. म्हातारे माणूस असेल तर वय झाले होते म्हणतात. शासनाकडे उष्माघाताचा जो आकडा जातो तो फक्त सिद्ध झालेल्यांचा. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्य आपत्ती ठरवून मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. धर्माबाद भागातल्या गावांनी मागे एकदा आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली होती, ती अशाच फरकांवरून. आपल्या दोन जिल्ह्यांत उन्हाने गेलेल्या मजुराच्या घरी नेमके काय पोहोचते आणि त्यासाठी कुठला कागद लागतो, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. कागद काय लागतो हे आधी माहीत असेल तरच कुणी तो गोळा करेल.

पण नुकसानभरपाईच्या आधी मोजणी हवी. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६ च्या पुढे गेला. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातले एकूण मृत्यू आधीच्या-नंतरच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त भरले. त्यातल्या फार थोड्यांच्या नावापुढे ऊन हे कारण लिहिलेले होते. तो आकडा हाती आला म्हणून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा झाला, आणि त्यात त्यांनी दिल्लीच्या निकषाची वाट न बघता स्वतःच्या पायऱ्या ठरवल्या: ४१ च्या पुढे पिवळा इशारा, ४३ च्या पुढे नारिंगी, ४५ ला लाल. कोणत्या पायरीला कोणत्या दवाखान्याने काय करायचे, कुणी कुणाला फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवले.

आपल्याला नव्याने काही बांधायचे नाही. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांत जन्म-मृत्यूची नोंद रोज होते. गेल्या वीस वर्षांतल्या मार्च ते जूनचे रोजचे मृत्यू तिथे तारखेनिशी आहेत, नावे न घेता नुसती संख्या काढता येते. त्याच तारखांचे कमाल आणि किमान तापमान हवामान खात्याकडे आहे. हे दोन रकाने शेजारी मांडले की कुठल्या अंशापासून, विशेषतः रात्रीच्या कुठल्या अंशापासून, आपल्याकडे माणसे जास्त दगावू लागतात ते दिसेल, आणि आपल्या इशाऱ्याच्या पायऱ्या त्यावरून ठरतील. लातूरच्या पायऱ्या नांदेडपेक्षा खाली निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही; गार रात्रींची सवय असलेल्या अंगाला थोडी ऊबही जड जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे, त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. आकडेमोड करू शकणारी मुले दोन्हीकडे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी याच पत्र्याच्या घरांतून आलेली आहेत. तुमच्या सहीचे एक पत्र महापालिकांना आणि एक विद्यापीठाला गेले, तर हे काम येत्या गुढीपाडव्याच्या आत होऊ शकते. ती दोन पत्रे काढावीत, ही विनंती.

आपली,
नांदेडची एक रहिवासी